खेळ, डाव आणि बरं जगणं : ओसरीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या नाशकात, तिवंधा चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्याच्या ओसरीवर आम्ही दर रविवारी दुपारी साडेचारला खेळायला जमतो. सारीपाट, बुद्धिबळ, पत्ते, सापशिडी, कधी अंगणात लगोरी. खेळून झालं की चहा होतो आणि चहाबरोबर वाद: हे आपण का खेळतो, आणि याने जगणं काही बरं होतं का? नवं माणूस आलं की तेच प्रश्न पुन्हा येतात. मी सव्वीस वर्षं एका हिशेबतपासनिसाच्या ऑफिसात आकडेमोड केलेली बाई. एकच उत्तर वीसदा द्यायचा कंटाळा आला, म्हणून लिहून काढलं. उत्तरं माझी आहेत, ओसरीची नव्हेत. ओसरीचं एकमत चहात आलं घालावं एवढ्यावरच झालेलं आहे.

खेळ म्हणजे नेमकं काय?

खो-खो डोळ्यांपुढे आणा. पळणाऱ्या गड्याला शिवायचं आहे. मधली रेषा ओलांडून दोन पावलं टाकली की तो हातात येतो. पण रेषा ओलांडायची नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही. पाटीवरचे आठ जण एकाआड एक उलट्या तोंडाने बसवलेले. पळणाऱ्याला मात्र कुठूनही कुठेही जायची मोकळीक. म्हणजे पकडायचं तर आहे, आणि पकडण्याचे सगळे सोपे रस्ते आपणच बंद करून ठेवलेत.

बर्नार्ड सूट्स नावाचे कॅनडातले एक तत्त्वज्ञ होते. त्यांनी 1978 साली नेमकं हेच बोट ठेवून दाखवलं: खेळ म्हणजे गरज नसलेले अडथळे आपणहून पत्करून ते पार करायचा प्रयत्न. त्यात तीन गोष्टी लागतात. एक साधं उद्दिष्ट, म्हणजे गड्याला शिवणं. ते अवघड करणारे नियम. आणि नियम का पाळायचे, तर त्याशिवाय हा खेळच उभा राहत नाही म्हणून पाळायचे, ही तयारी. रेषा ओलांडून गड्याला धरणारा माणूस खो-खो वाईट खेळत नसतो, तो खो-खो खेळतच नसतो.

शाळेत मी पळणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीत असायचे. तेव्हा हे कळत नव्हतं. पण पंचांचं लक्ष नसताना वळून शिवणाऱ्या मुलीचा जो राग यायचा, तो आपण बाद झालो म्हणून नव्हता, हे तेव्हाही कळत होतं.

पण विटगेनस्टाइन तर म्हणतो की खेळाची व्याख्या होतच नाही?

हो. या तत्त्वज्ञाचं म्हणणं असं की पत्ते, चेंडू, पटावरचे खेळ, रिंगणातले खेळ या सगळ्यांत समान असं एकही सूत्र नाही. एका घरातल्या माणसांत कुणाचं नाक, कुणाची चाल जुळावी तसं ते एकमेकांशी जुळतात. सूट्स यांनी त्यालाच उत्तर देत म्हटलं की नीट बघितल्यावर मला सूत्र दिसतं. मला दोघंही पटतात. सूट्स यांची व्याख्या ज्याला बसते ते आम्ही ओसरीवर खेळतो, आणि जे तिच्याबाहेर राहतं त्यावर चहाच्या वेळी भांडतो.

मराठीत सगळ्यालाच 'खेळ' म्हणतात. मग घोळ होत नाही का?

होतो, आणि तो मला आवडतो. भातुकली खेळ, क्रिकेट खेळ, सिनेमाचा सहाचा शो खेळ, गारुड्याचा खेळ, आणि नळ दुरुस्त करणाऱ्याने करून ठेवला तो खेळखंडोबा. तुकोबांच्या गाथेत हुतुतू, विटूदांडू, चेंडूफळी, फुगडी यांच्यावर अभंग आहेत, म्हणजे घोळ आजचा नाही.

आपल्या नाशकात रंगपंचमीला पेशव्यांच्या काळातल्या रहाडी उघडतात. दगडी हौदात रंगीत पाणी, आणि वरून त्यात धप्पा मारायचा. त्यात उद्दिष्ट काय? काही नाही. अडथळा? थंड पाणी, फार तर. जिंकलं कोण? कुणीच नाही, आणि दोन दिवस सगळ्यांचे कान रंगलेले. सूट्स यांच्या मापाने हा खेळ नव्हे, नुसतं खेळणं आहे. मराठीला हा फरक करावासा वाटला नाही. डाव मांडून खेळणं आणि उगाच खेळणं या दोन टोकांच्या मधे आपण लहानपणी दिवसातून दहा वेळा ये-जा करत होतो, त्यामुळे असेल.

मल्लखांब हा खेळ आहे का?

हा प्रश्न नाशिककरच विचारणार. बाळंभटदादा देवधरांची कथा तुम्ही ऐकली असेल: पेशवाईच्या उतरत्या काळात निजामाकडच्या पहिलवानांचं आव्हान घेतलं, वणीच्या सप्तशृंगीच्या गडावर उपासना केली, आणि मारुतीने स्वप्नात येऊन लाकडी खांबावरची विद्या शिकवली. कथा बाजूला ठेवली तरी खांब हा मुळात कुस्तीच्या तयारीचा, हे त्यातून दिसतंच.

सूट्स यांनी पुढे एक भेद केला. जिम्नॅस्टिक्स, सूर मारणं यांसारख्या प्रकारांत पंच गुण देतात. तिथे अडथळा पार करणं नसतं, कौशल्य देखणेपणाने करून दाखवणं असतं. म्हणून ते खेळ नव्हेत, सादरीकरण. त्या हिशेबाने मल्लखांब नाचाच्या जवळ जातो. ओसरीवर एक माजी मल्लखांबपटू येतात, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्यांना एकदा दोरीवर चढवा, मग अडथळा आहे की नाही ते विचारा." वाद तिथेच थांबलाय.

जिंकायचं नसेल तर खेळायचं कशाला?

जिंकायचं असतंच. जिंकायचं नाही असं ठरवून समोर बसणाऱ्याबरोबर खेळण्याइतकी कंटाळवाणी गोष्ट नाही. फरक वेगळाच आहे.

संक्रांतीला येवल्यात तीन दिवस गच्च्या भरलेल्या असतात. हातात आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, समोरच्या गच्चीवरचा पतंग कापायचा, आणि कापला की "वक्काट!" त्या घटकेला जगात दुसरं काही महत्त्वाचं नसतं. पण आपण गच्चीवर कशासाठी गेलो होतो? कापलेल्या पतंगांची संख्या वाढवायला? ऊन, वारा, तिळगूळ, ढील कधी द्यायची यावर काकांची आरडाओरड, वर्षभर न बोललेल्या शेजाऱ्याशी पेच. अमेरिकेतले तत्त्वज्ञ सी. थी नुयेन हा भेद फार नेटका मांडतात: खेळातलं उद्दिष्ट एक असतं आणि खेळण्यामागचा हेतू दुसरा. काही लोक जिंकण्यासाठी झगडतात, काही जण झगडायला मिळावं म्हणून जिंकण्याची इच्छा तेवढ्यापुरती अंगावर घेतात. खेळ संपला की ती उतरवून ठेवतात, सदरा काढून खुंटीला लावावा तशी.

आता नायलॉन मांजा घ्या. सुती दोऱ्यापुढे तो कापतो म्हणजे कापतोच. उद्दिष्ट शंभर टक्के साध्य. पण मग ढील, खेच, वाऱ्याचा अंदाज, कशालाच अर्थ उरत नाही. कापणाऱ्या हाताऐवजी दोराच जिंकतो. आणि खेळ गच्चीवरून रस्त्यावर उतरतो. दुचाकीवरून जाणाऱ्याचा गळा, झाडात अडकलेलं घुबड. बंदी आहे, तरी दर जानेवारीत बातम्या येतातच. कायद्याचा प्रश्न आहेच, पण तो दोरा विकत घेणाऱ्या पोराला मला एवढंच विचारावंसं वाटतं: तुला पतंग खेळायचा होता ना?

म्हणजे हे गीतेतलं निष्काम कर्मच झालं की!

दर दुसऱ्या रविवारी कुणीतरी हे म्हणतं. नाही झालं. फळाची आस न धरता कर्म कर, असं गीता सांगते. खेळात फळाची आस धरावीच लागते, नाहीतर खेळ सपक होतो. गंमत अशी की आस खरी असते आणि तरी तात्पुरती असते. दोन मजली इच्छा म्हणा: खालच्या मजल्यावर "मला ही सोंगटी घरी न्यायचीय", वरच्या मजल्यावर "मला ह्या माणसांबरोबर संध्याकाळ घालवायचीय". खालच्या मजल्यावर पूर्ण गुंतायचं, पण जिना कुठे आहे ते विसरायचं नाही. निष्काम कर्म याहून कितीतरी अवघड आहे. ते साधलेलं माणूस ओसरीवर अजून आलेलं नाही. आलं तर त्याला भिडू मिळणं कठीण जाईल.

लहान मुलांना 'कच्चा लिंबू' ठेवता. ही नियमांची फसवणूक नाही का?

तत्त्वज्ञांच्या लेखनात कच्च्या लिंबावर मला काही सापडलं नाही. मराठी पोरांनी मात्र हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवलाय. धाकटं भावंड खेळायला हट्ट करतं. त्याला घेतलं तर लगेच बाद होणार आणि रडणार. नाही घेतलं तर आई ओरडणार. मग ते कच्चा लिंबू. पळायचं, ओरडायचं, पण बाद व्हायचं नाही, आणि राज्यही येणार नाही. बाकीचे त्याला मुद्दाम थोडं पकडल्यासारखं करतात.

यात फसवणूक नाही, कारण ते सर्वांसमक्ष ठरतं. नियम पाळायचे कारण आपणच ते मांडले, आणि म्हणूनच आपल्याला ते वाकवताही येतात, सगळ्यांनी मान्य केलं तर. 'टाईम प्लीज' तसंच: चप्पल निसटली, अंगठा वर, जग थांबलं. रडीचा डाव वेगळा. तिथे एकटाच माणूस नियम वाकवतो आणि वाकवला नाही म्हणतो.

कच्चा लिंबू कधी पक्का होतो, याचा मात्र नियम नाही. माझ्या धाकट्या भावाने एका उन्हाळ्यात स्वतःच जाहीर केलं, "आता मी खरा." पहिल्याच डावात बाद झाला आणि काय तोऱ्यात जाऊन बाजूला बसला!

आधी काम, मग खेळ. यात चूक काय?

ॲरिस्टॉटलचंही साधारण हेच मत. करमणूक ही विश्रांतीसारखी, आणि विश्रांती पुन्हा नेटाने काही करता यावं म्हणून. खेळण्यासाठी राबणं त्याला पोरकट वाटे. प्लेटोने म्हातारपणी उलट सूर लावला होता: माणूस हे देवाचं खेळणं, तेव्हा त्याने उत्तमातले उत्तम खेळ खेळत आयुष्य घालवावं.

मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट आठवा: मुंगी राबून साठवते, नाकतोडा मजेत राहतो आणि थंडीत उपाशी पडतो. सूट्स यांनी ती गोष्टच उलटी केली. त्यांचा नाकतोडा मरायला टेकलाय, पण पश्चात्ताप करत नाही. शिष्यांशी वाद घालतोय. म्हणतो, समजा सगळ्या गरजा भागल्या. अन्न, घर, औषध, ज्ञान, सगळं बसल्या जागी मिळतं. मग करण्याजोगं काय उरेल? ज्यात अडचण आपण मुद्दाम ठेवलीय तेच. बोलावताच घर मिळतं अशा जगात कुणी सुतार हौसेने हाताने घर बांधू लागला, तर ते आता काम राहिलं नाही, खेळ झाला. म्हणजे मुंग्या जे साठवत बसल्यात ते शेवटी नाकतोड्यासारखं जगता यावं म्हणूनच.

मला हा युक्तिवाद निम्मा पटतो. आईची शेवटची दोन वर्षं मी तिचं अंथरूण-पांघरूण केलं. ते काम यंत्राने चोख केलं असतं तरी मला ते करायचं होतं, आणि मी ते अडथळ्यासाठी करत नव्हते. सूट्स यांच्या त्या जगात अशा गोष्टीला जागा कुठे, ते मला दिसत नाही.

मग आयुष्य हा एक खेळच आहे, असं म्हणायचं का?

कृपा करून म्हणू नका. निदान निफाडच्या द्राक्षबागायतदारापुढे तरी. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली, घड धरले, आणि अवकाळी पाऊस आला, मग डाऊनी, भुरी असे रोग, एखादी गारपीट. हे अडथळे त्याने हौसेने मांडलेले नाहीत. त्याला 'टाईम प्लीज' म्हणता येत नाही, आणि डाव संपल्यावर सोंगट्या डब्यात भरून कर्जही त्यात भरता येत नाही. हॉटेलातल्या सभागृहात शिट्टी गळ्यात घालून "लाइफ इज अ गेम" सांगणारे वक्ते पाहिले की मला उठून जावंसं वाटतं. एकदा गेलेही.

ब्रह्मसूत्रात जगाच्या उत्पत्तीला लीला म्हटलंय: 'लोकवत्तु लीलाकैवल्यम्'. ईश्वराला काही कमी नाही, म्हणून त्याचं करणं खेळासारखं. पण हे म्हटलंय ते ज्याला कसलीच गरज नाही त्याच्याबद्दल. हप्ता भरणाऱ्याबद्दल नव्हे.

पावलं, मार्क, लाइक: यांनी तर उत्साह येतो. त्यात वाईट काय?

इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण यात मी स्वतः सापडले होते.

निवृत्तीनंतर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी जायला लागले. सहा महिने मजेत गेले. झाडं, ओळखी, बाकावरची राजकारणाची चर्चा. मग भाचीने मनगटाला घड्याळ बांधलं. रोज दहा हजार पावलं. पहिल्या आठवड्यात मौज वाटली. दुसऱ्या महिन्यात मी बाकावर बसणं बंद केलं, कारण बसलं की पावलं पडत नाहीत. पांडवलेणी चढायला बोलावलं तर मनात पहिला हिशेब आला की पायऱ्यांची किती मोजली जातील. एका रात्री साडेदहाला मी जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत होते, आणि आई कॉटवरून तिच्या माहेरच्या नदीला आलेल्या पुराची गोष्ट सांगत होती. मी म्हटलं, "थांब, चारशे राहिलीत." ती थांबली. पुन्हा ती गोष्ट निघाली नाही.

दहा हजार हा आकडा आला कुठून, ते मी नंतर वाचलं. 1965 साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मॅनपो-केई', म्हणजेच दहा हजार पावलांचा मापक. कुठल्या डॉक्टरने माझी नाडी बघून ठरवलेला आकडा नव्हता तो. विक्रीला सोयीचं, गोल नाव होतं.

नुयेन यांच्याकडे या प्रकाराला नाव आहे. मी त्याला मराठीत 'मूल्यांचा ताबा' म्हणते. तुमच्या मनात एखाद्या गोष्टीची बारीक, पसरट, शब्दांत न सापडणारी किंमत असते. कुणीतरी तिचा सोपा आकडा तुमच्या हातात देतं. आकडा स्पष्ट, दुसऱ्याशी ताडून पाहता येणारा. म्हणून तो हळूहळू मूळ किमतीच्या जागी जाऊन बसतो. प्रकृतीच्या जागी पावलं, शिकण्याच्या जागी पर्सेंटाइल, मैत्रीच्या जागी लाइक.

खेळातही आकडे असतातच, मग तिथे हे का होत नाही? कारण खेळातला आकडा डाव मोडला की मरतो. गेल्या रविवारी मला सारीपाटात किती पडले, हे आज कुणालाही माहीत नाही, मलाही. पावलांचा आकडा मध्यरात्री शून्य होतो, पण तुम्हाला सोडत नाही. त्याला शेवटचा डाव नाही, ओसरी नाही, आणि समोर भिडूही नाही. मजा मात्र खेळातून उसनी घेतलेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताळेबंदात आकडे जुळवले, तरी हा मला दिसला नाही. आकडा जुळत होता ना!

घड्याळ आता टेबलाच्या खणात आहे. बाकावर पुन्हा बसते.

मार्क नसतील तर मुलं अभ्यास करतील का?

काही करतील, काही नाही. मार्क असताना तरी वेगळं काय होतं?

सापशिडीत तर माझं काहीच चालत नाही. तो खेळ कसा?

रास्त शंका. फाशाने सांगायचं, आपण सोंगटी सरकवायची. निर्णय शून्य. पण हा पट मुळात कशासाठी होता ते पाहा. सापशिडीचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते, आणि त्यांचे थोरले बंधू व गुरू निवृत्तिनाथ इथेच त्र्यंबकला समाधिस्थ आहेत, त्यामुळे आपल्याकडे तो जरा घरचाच वाटतो. सापांना काम, क्रोध अशी नावं, शिड्यांना सद्गुणांची, आणि वर मोक्ष. हे खेळणाऱ्याला जिंकण्याची हातोटी शिकवायला नव्हतं. घसरलं की काय वाटतं, आणि घसरून पुन्हा कवड्या हातात घेताना काय वाटतं, ते बसल्या जागी अनुभवायला होतं. पुढे नावं पुसली गेली आणि नुसते साप उरले. आमच्या ओसरीवर एका मुलीने घरच्या सापांना स्वतःची नावं दिली आहेत. अठ्ठ्याण्णवच्या सापाचं नाव 'मोबाईल'.

पैसे लावून रमी खेळलो तर?

ओसरीवर नाही. हेतू आणि उद्दिष्ट एकमेकांपासून वेगळे ठेवता येणं हा खेळाचा जीव आहे. घरभाडं लावलं की ते एक होतात, जिना मोडतो. युधिष्ठिराची गोष्ट यापेक्षा नीट कुणी सांगितलेली नाही: द्यूतसभेत तो उठू शकत नव्हता, आणि ज्यातून उठता येत नाही तो डाव मला खेळ वाटत नाही. पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला, तेव्हा ओसरीवर दोन तट पडले. दिवाळीतली दहा-दहा पैशांची तीनपत्ती यात येते का, यावर तिसरा पडला.

जे पोटासाठी खेळतात त्यांचं काय? त्यांचा खेळ खोटा?

मुळीच नाही. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी 2013 मध्ये ग्रँडमास्टर झाला, 2024 ला टोरांटोला कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, खेळला. त्याचं ते काम आहे, आणि तरी पटावर घोडा अडीच घरंच चालतो. चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हं हाती घेतो आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा येतो. जिथे टँकरची वाट पाहतात तिथल्या माणसाने दोन किलोमीटर पाणी कापायचं, तेही पाठमोरं बसून! बक्षीस, नोकरी, नाव हे सगळं बाहेरून येतं आणि आलंच पाहिजे. नियमांच्या आतलं झगडणं त्याने खोटं होत नाही. फक्त अशा खेळाडूला सदरा खुंटीला लावणं आपल्यापेक्षा फार कठीण जात असणार.

हरलं की मला दोन दिवस झोप लागत नाही. मी खेळू नये का?

या. पण पहिले चार रविवार सापशिडी.

मोबाईलवरचे खेळ चालतात का?

चालतात. चार्जर आपापला.

येताना काय आणू?

काही नको. दोन पट आहेत, कवड्या आहेत, पत्त्यांचे तीन जोड आहेत, पैकी एकात बदाम राणी नाही. तिच्या जागी जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा आहे आणि तो पाठीमागून सगळ्यांना ओळखू येतो. तो ज्याच्या हातात असेल त्याच्याकडे कुणी बघायचं नाही, असा नियम केला आहे. पाळतात. सारीपाटाची एक हिरवी सोंगटी मार्चपासून सापडत नाही, सध्या तिथे चिंचोका ठेवतो. घरात जादा हिरवी असेल तर तेवढी आणा. लहान मूल आणणार असाल तर दारातच सांगा, कच्चा लिंबू की पक्का.

वाड्याचा दिंडी दरवाजा बुटका आहे. डोकं सांभाळा.